आवाज कमी करणारं बटण

मी टीव्हीचा रिमोट बोलतोय. मला ना तोंड आहे ना कान, तरी जे घडलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. कुठल्या, ते आठवत नाही. पण पहिल्यांदा माझं बटण दाबलं गेलं, कोणालाच न दिसणारा उजेड माझ्या टोकातून निघाला आणि दहा हातांवरची पेटी गप्प झाली, तेव्हा मी थक्क झालो. एवढीशी माझी काया आणि हे सामर्थ्य!

मग यवतमाळला नरहर सरांच्या घरी आलो. सर महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत. आता निवृत्त आहेत. आल्याबरोबर त्यांनी मला प्लास्टिकची पिशवी चढवली आणि दोन रबरबँड लावले. धूळ बसू नये म्हणून. मी आतून जग धूसर पाहू लागलो.

दिवाळीनंतर सरांच्या पत्नीला, सुचित्राकाकूंना, लकवा झाला. उजवा हात गेला, वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, "शब्द कानावर पडू द्या. परत येतील."

म्हणून रोज दुपारी मालिका लागायची. मालिकेतली माणसं कुजबुजायची, म्हणून सर आवाज वाढवायचे. काकू पडद्यावरच्या ओठांकडे बघत स्वतःचे ओठ हलवायच्या. एखादं अक्षर यायला निघायचं आणि तेवढ्यात जाहिरात किंचाळायची! काकू दचकायच्या. ओठ मिटायचे.

सर सरकारला पत्र लिहीत होते: जाहिरातीचा आवाज मालिकेइतकाच ठेवण्याचा नियम करा, आणि मोठा आवाज म्हणजे किती, तो आकडाही ठरवा. लिहायचे, खोडायचे.

"रंजिता, हे जरा अती होतं का गं? लोक म्हणतील, म्हाताऱ्याला बटण दाबायचा कंटाळा."

रंजिता दारव्ह्याकडच्या बंजारा तांड्यातली. काकूंची काळजी घ्यायला यायची, तोंडाची फटकळ. "तं मंग दाबा ना बटन. सरकारले कायले तरास देता?"

सरांनी पत्राची घडी करून ते पुस्तकात ठेवलं.

एका दुपारी सर औषध आणायला गेले. रंजिता मागे कपडे वाळत घालत होती. मी काकूंच्या मांडीवर होतो. कसल्याशा मसाल्याची जाहिरात आली: भांडी, ढोल, आरोळ्या. काकूंनी डाव्या हातानं मला धरलं. अंगठा बटणावर आला आणि प्लास्टिकवरून घसरला. पुन्हा आला, पुन्हा घसरला. दहा हातांवरची पेटी गप्प करणारा मी, माझ्यावरच टेकलेल्या अंगठ्याच्या कामी येत नव्हतो.

काकूंचा चेहरा लाल झाला. छाती भरली.

"हळू!"

खरखरीत, फाटका, पण पुरता शब्द. चार महिन्यांनी. हजारो आवाज माझ्या इशाऱ्यानं चढले, उतरले. हा एक माझ्याशिवाय निघाला. त्याच्यापुढे माझं सामर्थ्य ते काय!

रंजिता ओल्या हातांनी, आपल्या बंजारा बोलीत आईचा धावा करत आली. "याडी गं! काकू बोलल्या!"

सर परतले, सगळं ऐकलं. डोळे पुसले आणि लगेच घाबरले. "म्हणजे जाहिरातीनंच हिला बोलतं केलं! आता मी कुठल्या तोंडानं तक्रार करू?"

"सर, माह्या सासऱ्याच्या मांगं कुत्रं लागलं तं काठी फेकून पयाला बुढा. म्हून दवाखान्यात कुत्रे पाळावे का?"

सर खूप दिवसांनी हसले. माझे रबरबँड काढून त्यांनी प्लास्टिक फाडलं. मग पत्र उलगडलं आणि शेवटी एक ओळ घातली: ज्यांच्या हातात बटण दाबायचं बळ नाही, त्यांच्या वतीनं.

तरी हात थबकलाच. "सुचित्रा, पाठवू का गं? की राहू दे?"

सरांनी टीव्ही बंद केला. काकूंचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. असली शांतता माझ्या कुठल्याच बटणानं आजवर झाली नव्हती.

"पाठ... व."

पत्र गेलं. उत्तर अजून नाही. नियम होईल का, हे माझ्यासारख्याला काय कळणार? पण जाहिराती करणाऱ्यांनो, एवढंच मागतो: कुठल्यातरी घरात कोणी शब्द शोधत बसलेलं असतं. जरा दमानं या. शब्द येताना माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी पाहिलं आहे.