धनु राशीतला जास्तीचा तारा

गंगाखेडच्या रेवणप्पांचा स्टुडिओ लग्नाच्या फोटोंसाठी नावाजलेला होता. चेहऱ्यावरचे देवीचे वण ते ब्रशने असे घालवत, की माणूस स्वतःलाच पाहत राही. १९८६ च्या उन्हाळ्यात शाळेतल्या विज्ञानाच्या सगुणाबाई त्यांच्याकडे आकाशाची निगेटिव्ह घेऊन आल्या. पेडगावच्या शेतातून त्यांनी धनु राशीतला ताऱ्यांनी गच्च भरलेला भाग टिपला होता.

“तारे पसरट आलेत, अप्पा. रेखीव करून द्या. पण पदरचं काही घालू नका.”

“न्हाई घालत, बाई.”

हैदराबादच्या उस्तादाने शिकवलेली युक्ती अप्पांनी वापरली. निगेटिव्हची मुद्दाम धूसर प्रत फिल्मवर घेतली, ती निगेटिव्हवर नेमकी जुळवली आणि दोन्हींतून मोठा फोटो काढला. तारे खरंच आवळले गेले. दाटीतले गठ्ठे मात्र सुटले नाहीत. अप्पांना ते बघवेना. त्यांनी फोटोवरच काळ्या शाईने गठ्ठे तोडले, पांढऱ्या रंगाचे ठिपके दिले. बाईंना त्यातलं काही सांगितलं नाही.

पुढच्याच आठवड्यात बाई पुन्हा दुकानात आल्या.

“ताऱ्यांच्या नकाशात नसलेला एक तारा फोटोत दिसतोय. तुम्ही हात लावला नाही ना?”

“न्हाई,” ते म्हणाले.

शाळा उघडल्यावर बाईंच्या सत्काराची सभा भरली. अप्पांनाही शाल मिळाली. बाई नव्या ताऱ्याबद्दल बोलू लागल्या, मुली टाळ्या वाजवू लागल्या, आणि अप्पांना खुर्चीत बसवेना. ते उभे राहिले.

“तो तारा न्हाई, बाई. रंग हाय. मीच दिलाय.”

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. बाईंनी फोटोतला तारा दाखवायची हातातली छडी टेबलावर ठेवली.

“मी दुकानात विचारलं होतं,” त्या हळूच म्हणाल्या.

खरं बोलून मोकळं वाटेल असं अप्पांना वाटलं होतं. पण एकटीला सांगायची गोष्ट चारचौघांत सांगून आपण बाईंचं हसं केलं, हे त्यांना बाईंचा चेहरा पाहून कळलं. शाल तिथेच खुर्चीवर ठेवून ते घरी आले.

दसऱ्यानंतर बाई नवी निगेटिव्ह घेऊन आल्या. अप्पा माफी मागू लागले, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

“आत येऊ का? फोटो काढताना मी उभी राहते.”

डार्करूमच्या लाल उजेडात बाई त्यांच्या हातांकडे पाहत उभ्या राहिल्या. अप्पांनी मान वर केली नाही.