मागच्या शेडचा उन्हाळा

एकोणीसशे त्र्याऐंशी साली उन्हाळा असा तापला, की शेडच्या पत्र्यावर मारलेलं पाणी खाली ओघळायच्या आत वाळून जाई. आदल्या उन्हाळ्यात घरच्या निम्म्या कोंबड्या उष्म्याने गेल्या होत्या. त्यामुळे थोरल्या भाऊजींनी ठरवून टाकलं होतं, की कोंबड्या विकायच्या आणि दोन्ही शेडा टायरवाल्याला भाड्याने द्यायच्या. "टायर धापा टाकत नाहीत," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

मधल्या सुनेला मात्र हे पटेना. खाद्याच्या गिरणीत लहानाची मोठी झालेली ती मुलगी. स्वयंपाकघर थोरल्या जावेच्या ताब्यात होतं, अंडी पोचवायचा टेम्पो नवऱ्याच्या. त्या घरात तिची म्हणावी अशी जागा एकच, कोंबड्यांची. ती जागाच गेली, तर ती करणार तरी काय होती?

"मागची शेड मला द्या," जेवताना ती म्हणाली. "हा उन्हाळा मी काढून दाखवते. नाही निघाला, तर टायर मी स्वतः रचून देईन."

"करणार काय? वारा घालत बसणार?" भाऊजींनी विचारलं.

"खाद्यात शेवग्याचा पाला आणि पुदिना घालणार."

"वा. म्हणजे गिऱ्हाइकाला मसाला लावलेलीच कोंबडी मिळेल."

सगळे हसले, तीही हसली. सासूबाई मात्र ताटातून मान वर न करता म्हणाल्या, "दे रे तिला. उन्हाळाभर मागची शेड तिची. पुढचीचंही तोवर थांबव." त्यांच्या शब्दापुढे त्या घरात कोणी जात नसे.

जनावरांचे डॉक्टर सायकलवरून येत. त्यांनी पाला चुरगाळून हुंगला. "याने जादू होणार नाही, वहिनी. पण पाणी गार ठेवा, हवा खेळती ठेवा, आणि जोडीला हा पाला द्या. अंगाला आधार होईल."

तिने पाला सावलीत वाळवला आणि इथेच माहेरची सवय आडवी आली. तिच्या वडिलांच्या गिरणीत सगळा मान बारीक दळण्याला. हाताला दाणा लागला, की वडील पुन्हा दळायला लावत. त्याच ऐटीत तिने पाला दळून वस्त्रगाळ केला, अगदी तोंडाला लावायच्या पावडरीसारखा, आणि खाद्यात मिसळला.

पण उन्हं चढली, की मागच्या शेडमधल्या कोंबड्याही पुढच्यांसारख्याच चोची उघड्या टाकून, पंख अंगापासून सोडून धापा टाकत. अंडी घटली, कवचं कागदासारखी पातळ झाली. भाऊजी टायरवाल्याला घेऊन आले. शेडची लांबी घेताना त्याने टेपचं टोक मधलीच्याच हातात दिलं. तिने ते भिंतीला टेकवून धरलं.

तो गेल्यावर तिने खाद्याच्या पन्हळीत सहज हात फिरवला. बोटं हिरवी झाली. तळाशी पुडीचा चांगला जाड थर बसला होता. कोंबड्या वरचे मक्याचे दाणे तेवढे टिपत होत्या, पूड खाली झरत होती. औषध चुकलं नव्हतं, ते पोटात जातच नव्हतं.

आणि जाणार कसं? सासूबाईंना पन्हळ रिकामी दिसलेली खपत नसे. येताजाता डबाभर खाद्य ओतून पुढे जायचं, ही त्यांची तिथली रीत. वर सतत ताजे दाणे पडत असताना तळ कोण चाटेल?

दुसऱ्या दिवशी मधलीने पाला जाडाभरडा कुटला, मक्याच्या भरड्याएवढा. पाणी शिंपडून खाद्याला चिकटवला आणि उजाडतानाच घातला. ऊन चढायच्या आत पन्हळ लख्ख झाली. डॉक्टर म्हणाले, "उत्तम. आता दुपारी काही देऊ नका. खाल्लेलं पचवतानाही अंगात उष्णता तयार होते." तिने तोच नेम धरला.

मग एका दुपारी वारा अगदीच पडला. सासूबाई डबा घेऊन दारात आल्या.

"पन्हळ कोरडी ठणठणीत? मुक्या जिवांना उपाशी ठेवलंस?"

"सकाळी पोटभर जेवल्यात, आई. आता संध्याकाळी."

"ही शेड मी उभी केली तेव्हा तू पाळण्यात होतीस. सर बाजूला."

"नाही सरणार. शेड तुम्हीच दिलीत मला. खाद्य ओतायचं असेल, तर आधी तुमचा शब्द मागे घ्या."

सासूबाईंनी डब्याला झाकण लावलं, तो खाली ठेवला आणि त्याच्यावरच बसल्या. "बसते इथेच. एक जरी गेली, तर तू आहेस आणि मी आहे."

मधली पाणी बदलत होती, बाजूची गोणपाटं भिजवत होती. पुढच्या शेडमधून गडी मेलेल्या कोंबड्या बाहेर नेत होते, ते दोघींनाही दिसत होतं. इथे धापा होत्या, पण माना ताठ होत्या. एकही आडवी झाली नाही.

उन्हं कलली तेव्हा सासूबाई उठल्या. "उद्यापासून पुढच्या शेडलाही हेच. आणि पाला मी कुटणार. तुझा हात फार बारीक पडतो."

उन्हाळा निघाला. दोन्ही शेडा राहिल्या, पुढे तिसरी उभी राहिली. सासूबाई हात चालत होते तोवर पाला कुटत राहिल्या, आणि ही युक्ती आपलीच असं पाहुण्यांना सांगत राहिल्या. मधलीने कधी दुरुस्त केलं नाही. भाऊजींनी बाजारात अंड्यांचं दुकान टाकलं आणि त्यात ते फार रमले. टायरवाल्याने पलीकडच्या रस्त्याला जागा घेतली. अंडी तो भाऊजींकडूनच नेई. डॉक्टरांची बदली झाली. तिकडूनही ते लोकांना पत्ता देऊन धाडायचे, "वहिनींना विचारून या." नवऱ्याने टेम्पो विकला आणि अंगणात शेवग्याची रांग लावली. मधलीचे गुडघे आता साथ देत नाहीत. शेडा तिची लेक बघते. ती आईला न विचारता नवं नवं करून बघते, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच निघतं.