रिकाम्या थडग्यावरची मासोळी

मी सागाची मासोळी बोलतेय. ना खवले, ना डोळा. दोन वाकड्या रेघा शेपटीपाशी एकमेकींवरून जातात, एवढंच माझं रूप. मला वाईट वाटतं का, असं विचाराल तर नाही. फारसं काहीच वाटत नाही.

१९७७ साली राजोडीच्या आग्नेल सुताराने मला कोरलं. गावातला फेबियन होडी घेऊन मासेमारीला समुद्रात गेला, तो परतला नाही. प्रेतही मिळालं नाही. पण त्याच्या बायकोला, डेल्फिनला, मेणबत्ती लावायला जागा हवी होती. म्हणून फादरांनी गावच्या दफनभूमीच्या, सिमेट्रीच्या कोपऱ्यात क्रूस उभारू दिला आणि त्यावर मला बसवायला सांगितलं.

फादर म्हणाले, फार पूर्वी रोममध्ये ख्रिस्ती असणं जिवावर बेतायचं, तेव्हा लोक भुयारांतल्या थडग्यांवर मासोळी कोरत. 'येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा' या ग्रीक शब्दांची आद्याक्षरं जोडली की ग्रीकमधला 'मासा' होतो. ज्याला कळायचं त्याला कळायचं.

फेबियनच्या आईला, ग्रेसीला, ते पटलं नाही. मला पाहताच ती सुनेला म्हणाली, "ज्यांनी माज्या पोराला खाल्लं, त्यांनाच त्याच्या उशाशी बसवलंस?"

डेल्फिनने अर्थ सांगून पाहिला. ग्रेसीने तो ऐकून घेतला आणि पुढे कित्येक वर्षं त्या कोपऱ्याकडे फिरकली नाही. मृतांच्या दिवशी सगळं गाव फुलं घेऊन यायचं. डेल्फिन एकटी यायची. घरात दोघींचं बोलणं कामापुरतंच उरलंय, असं ती माझ्यापाशी पुटपुटायची. मी ऐकायचे. लाकूड आणखी काय करणार?

इथे सिमेट्रीत जागा थोडी. काही वर्षांनी जुनी कबर उकरून हाडं काढतात आणि तिथे दुसऱ्याला पुरतात. १९८४ मध्ये आमच्या कोपऱ्याची पाळी आली. खाली कुणी नाही हे ठाऊक असूनही रीतीप्रमाणे घरी निरोप गेला. डेल्फिन आली. मागोमाग ग्रेसी आली, हाडं गुंडाळायचं पांढरं फडकं घेऊन.

खणणारा खणत राहिला. नुसती माती निघाली. ग्रेसी शेवटपर्यंत खड्ड्यात वाकून पाहत होती. तिला कुणी थांबवलं नाही. मग उपटून ठेवलेल्या क्रुसावरून तिने मला ओढून काढलं, फडक्यात नीट गुंडाळलं आणि डेल्फिनच्या हाती दिलं.

"माज्या पोराचं एवढंच मिलालं. घरा ने."

आता मी त्यांच्या घरच्या अल्तारावर, देवाच्या कोनाड्यात असते. ग्रेसी सकाळी उठली की माझ्यावरून हात फिरवते. तुम्ही कधी त्या घरी गेलात, तर तिला माझा अर्थ समजावू नका. ती मला फेबियन म्हणते.