छपरावरचं नारिंगी कापड

मी बोलतोय, घोडबंदर रोडवरच्या मोठ्या कॉम्प्लेक्ससमोर खांबावर बसवलेलं लढाऊ विमान. तुम्ही माझ्यापुढे सेल्फी काढता, म्हणून ओळख आहे असं धरतो. नसेलही.

आकाशात दुसऱ्या विमानांशी झुंजणाऱ्यांपैकी मी नव्हे. माझं काम खाली. डोंगरात आपले जवान अडकले की वायरलेसवर हाक यायची आणि मी अगदी खाली उतरून त्यांच्यासमोरच्या शत्रूवर मारा करायचो. दोघांच्या मध्ये कधी कधी जेमतेम एका शेताचं अंतर. वरून सगळी माणसं सारखीच दिसतात. म्हणून आपले जवान जमिनीवर नारिंगी कापड अंथरायचे. ते दिसलं की तिकडे नाक रोखायचं नाही, हा एकच धर्म मला शिकवला होता. तो मी पाळला. बाकी माझ्यामुळे कुणाचं किती भलं झालं, याची खात्री मला आजही नाही.

म्हातारा झालो तेव्हा माझं इंजिन काढलं आणि मला इथे आणलं. उद्घाटनाला भाषणं झाली. मग पंखांवर वाढदिवसाचे फ्लेक्स लागले. तेही सोसलं.

गेल्या महिन्यात क्रेन आली. माझं नाक बी विंगकडे होतं. तिथली आजारपणं हटेनात, आणि वास्तुवाल्याने दोष माझ्यावर ठेवला. मला पार उलटं फिरवलं. त्या बाजूला खाडीकाठी कोळ्यांची पत्र्याची घरं आहेत.

तिथले दामाजी, फौजेतून निवृत्त झालेले, तडक सेक्रेटरी भाविकाबाईंकडे आले.

"मॅडम, याचं तोंड आमच्यावर का फिरवलंत?"

"अहो काका, त्यात आता काय आहे? रिकामा डबा आहे तो."

"रिकामा आहे, तर तुमच्याकडेच बघू दे की."

वॉचमन हसला. भाविकाबाई हसल्या नाहीत. "तिकडे नुसती खाडी आहे, काका."

"आणि आम्ही काय, बोंबील आहोत?"

भाविकाबाई आत निघून गेल्या. मी तसाच राहिलो, नाक त्या घरांकडे.

दुसऱ्या दिवशी दामाजींनी आपल्या छपरावर नारिंगी कापड अंथरलं. कोपऱ्यांवर दगड ठेवले, पूर्वी डोंगरात जवान ठेवायचे तसे. बी विंगच्या गॅलरीतले लोक म्हणतात, म्हाताऱ्याने चादर वाळत घातलीय.

सेल्फी काढून झाला की एकदा माझ्या नाकाच्या रेषेत बघा, एवढंच मागतो. ती खूण मला वाचता येते. इथे आपली माणसं आहेत, असं ती सांगते. मला फक्त वळता येत नाही.