हळदीची कढई आणि मुकुलचे पिवळे हात

मंगळवारी दुपारी चार वाजता मुकुलच्या आईने त्याला माझ्यातून उचलले. वाळू झटकून त्याचे तळहात पाहिले, डोळे पाहिले आणि त्याच्या पायात चप्पलही न घालता त्याला घेऊन ती दवाखान्याकडे निघाली. जाताना फाटकातून एकच शब्द मागे टाकून गेली. कावीळ.

मित्रांनो, मुकुल तीन वर्षांचा आहे आणि मी हळद शिजवण्याची लोखंडी कढई आहे. आमची गाठ कशी पडली ते सांगते, म्हणजे पुढचे समजेल.

वसमतच्या एका लोहाराने जाड पत्रा ठोकून मला घडवले. दोन्ही बाजूंना कडी बसवली. मुंजाजी नावाच्या शेतकऱ्यांनी मला शेतावर नेले, आणि दर हिवाळा संपता संपता मी चुलाणावर चढू लागले. माझ्यात ओली हळद रचायची, वर हळदीचाच पाला पसरायचा आणि फेस येईपर्यंत खालून जाळ घालायचा. गावातल्या कितीतरी घरांची हळद माझ्यातून निघाली. मुंजाजींच्या कढईतली हळद आतपर्यंत सारखी शिजते, असे लोक म्हणत, आणि मी ते ऐकून घेत असे. मग वाफेचे कुकर आले. ते झटपट काम करतात, जळण कमी खातात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. मी गोठ्यामागे पालथी पडले. माझ्या पाठीवर कोंबड्या बसू लागल्या.

मुंजाजी थकले आणि वसमतला मुलाकडे राहायला आले, तेव्हा त्यांनी मलाही टेम्पोत घातले. भंगारवाला दोनदा विचारून गेला. पण त्यांच्या सुनेने, सरिताने, मला अंगणात लिंबाच्या सावलीत ठेवून माझ्यात वाळू भरली.

सरिता घरी पाळणाघर चालवते. तिचा नवरा रत्नपाल एसटीत वाहक आहे, त्यामुळे दिवसभर घर तिच्याच हाती. पाच लेकरे येतात. तिचा नियम असा की मोबाईल कपाटात आणि लेकरे अंगणात. तिथे ती गाळणीने वाळू चाळतात, फुटक्या मगाने या डब्यातले पाणी त्या डब्यात ओततात, ओल्या फडक्याने भिंतीवर बैल काढतात आणि ते वाळले की पुन्हा काढतात. चिखलाच्या भाकरी तर रोजच्याच. कपडे मळतात म्हणून सुरुवातीला आया कुरकुरल्या. पुढे लेकरे घरी जाऊन पोटभर जेवू लागली आणि कुरकुर थांबली.

आता मंगळवारचे सांगते. गावाकडे हळदीची लागवड उरकली होती. तिथला एक जुना शेजारी उरलेले बेणे, म्हणजे लागवडीचे ओले कंद, मूठभर मुंजाजींना देऊन गेला. सरिता आत वरणाला फोडणी देत होती. मुंजाजींनी ते कंद माझ्या वाळूत पुरले आणि लेकरांना म्हणाले, हुडका. लेकरांनी हुडकले, दगडाने फोडले, चाटून पाहिले, तोंडे वाकडी केली आणि पुन्हा पुरून टाकले. मुकुलने त्याच पिवळ्या हातांनी डोळे चोळले, तशा पापण्याही पिवळ्या झाल्या. सरिता बाहेर आली तेव्हा वाळू वरून साफ होती, लेकरांचे हात वाळूने माखलेले होते आणि मुंजाजी पान आणायला गेले होते. लेकरांना घरी धाडण्याआधी ती साबणाने हात धुऊन देते, पण त्या दिवशी मुकुलची आई लवकर आली.

केतकी तिचे नाव. कचेरीत नोकरी करते. तिच्या गल्लीत गेल्या महिन्यात पाण्यामुळे दोघांना कावीळ झाली होती, तेव्हापासून ती धास्तावलेली होती. लेकराने आज काय खाल्ले, पाणी कुठले प्यायले, असे तिने त्याला उचलता उचलता विचारले. सरिताने सांगितले ते सगळे खरे होते, फक्त ठाऊक नव्हते ते सांगता आले नाही. मला ठाऊक होते. पण कढईला तोंड असते ते रुंद, बोलते नव्हे.

बातमी गल्लीत पसरायला कितीसा वेळ लागतो? दिपा नावाची दुसरी आई आपल्या मुलीला घेऊन गेली. त्या गंजक्या कढईनेच झाले असेल, ती आधी भंगारात घाला, असे सांगून गेली. सरिताला माझी चिंता नव्हती. मुकुलला खरेच काही झाले असेल तर काय, आणि काही झाले नसले तरी उद्यापासून आपल्या दारात लेकरू कोण सोडील, हे दोन प्रश्न तिला बसू देईनात. लेकरांच्या हाताला काय लागले ते पाहायला ती माझ्यातली वाळू उपसू लागली.

तळाशी तिला फुटका कंद सापडला. मग दुसरा. तिने आपल्या बोटांकडे पाहिले. तेवढ्यात मुंजाजी फाटकातून आत आले.

"मामाजी, हे कोणी पुरलं?"

"म्याच पुरलं. लेकरायला खेळायला. काहून, काय झालं?"

सरिताने फोन माझ्या काठावर ठेवला, आवाज मोठा केला आणि वाळूच्या हातानेच केतकीला लावला. दवाखान्यात अजून नंबर लागला नव्हता.

"ताई, तिथं नळ असंल. मुकुलच्या हाताला साबण लावून बघा. लाल झाला तर हळद हाय."

फोनमधून पाण्याचा आवाज आला. मुकुल पाणी उडवून हसत होता.

"लाल झाला," केतकी म्हणाली आणि रडू लागली.

मुंजाजी फोनवर वाकले. "पोरीऽ, त्याला हळद लागली. आता नवरी बघायला लागा."

रडता रडता ती हसली, ते मी ऐकले. सरिता मटकन माझ्या काठावर बसली. आयुष्यभर माझ्यावर पुष्कळ भार पडला, पण इतका हलका भार मला आठवत नाही.

हसू ओसरल्यावर केतकीने विचारायचे ते विचारलेच. "पण सरिताताई, त्यानं हे तोंडात घातलं तेव्हा तुमी कुठं होता?"

"आत होते. लक्ष न्हाई राहिलं," सरिता म्हणाली. सासऱ्यांचे नाव तिने घेतले नाही. मुंजाजी मान खाली घालून वाळूतले उरलेले कंद वेचू लागले.

डॉक्टरांनी मुकुलला तपासले. डोळे पांढरे स्वच्छ आहेत, कावीळ नाही, असा निरोप संध्याकाळी आला.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू खुशाल लेकरांच्या खेळात घाला. भंगारात जाण्यापेक्षा ते बरे. फक्त एवढे करा, लेकरे आमच्यात उतरली की एका मोठ्या माणसाचे डोळेही आमच्यावर असू द्या. आम्हाला दिसते, पण सांगता येत नाही.

आज बुधवार. सरिताने वाळू धुऊन, वाळवून पुन्हा माझ्यात भरली आहे. चार लेकरे आली, त्यांत दिपाची मुलगीही आहे. केतकीला सकाळी फोन केला तेव्हा ती "बघू" एवढेच म्हणाली. मुकुल अजून आलेला नाही.