मधाचा ड्रम

झाकणावरच्या बुचाच्या आट्यांना कसलाच वास नव्हता. मी नखाने आतली धूळ उकरली, बोटांवर चोळली, पुन्हा हुंगली. लोखंड आणि किंचित तेल. मध ठेवलेला ड्रम सोड्याने धुतला, उकळत्या पाण्याने धुतला, तरी आट्यांच्या खाचेत एक पिवळट चिकट रेघ उरते आणि मुंग्या ती शोधून काढतात. या ड्रमवर एकही मुंगी नव्हती.

"मधाचाच आहे," एर्विन म्हणाला.

मी काही विचारलं नव्हतं.

तो आईच्या अंगणात पेकन झाडाखाली गुडघे टेकून बसला होता. ड्रमच्या तळाशी हवेसाठी भोकं पाडायच्या जागा तो खडूने आखत होता. सत्तरी उलटलेला, उंच, वाकल्यावर हाडं वाजणारा माणूस. बायको जाऊन सात-आठ वर्षं झालेली. स्वतःचं घर नाही. पुतण्याच्या शेतात मागच्या बाजूला चाकांवरच्या एका खोलीत राहायचा. गेल्या शरदात चर्चच्या जेवणात भांडी विसळता विसळता त्याने माझ्या आईला लग्नाचं विचारलं होतं. आई म्हणाली होती, "बघू." ईस्टर झाला, मका कापून झाला, तरी आईचं बघूच चाललं होतं.

आईने हो म्हटलं तर तो या घरात राहायला येणार, हे उघड होतं. आजोबांनी बांधलेलं हे घर, लवाका नदीपर्यंतचं कुरण, आणि त्यात एकटी राहणारी माझी आई. मी दीड तासाच्या अंतरावर पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते आणि शनिवारी घरी येते. उरलेल्या दिवसांत इथे काय चालतं, ते मला आई सांगेल तेवढंच कळतं.

बाबांची विटांची भट्टी गेल्या महिन्यातल्या वादळात ओकची फांदी पडून फुटली होती. दुसऱ्याच आठवड्यात एर्विन हा ड्रम घेऊन हजर झाला. मांसाला धुरी द्यायला मी ड्रमची भट्टी करून देतो, म्हणाला. आमच्याकडे परक्याच्या अंगणात कोणी भट्टी उभी करत नाही; भट्टी घरच्या पुरुषाची. हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. आईलाही होतं, आणि तिने त्याला नको म्हटलं नव्हतं.

दुपारी त्याने ड्रममध्ये लाकडं रचून मोठा जाळ केला. रंग जाळून टाकायला हे करावंच लागतं. रंगाचे पापुद्रे सुटायला लागले, तशी मी जवळ जाऊन एक उचलला. रंगाचा एकच थर होता. चार हातांतून फिरलेल्या ड्रमवर तीन-चार रंग असतात, जुन्या चिठ्ठ्यांचे डाग असतात, पोचे असतात. हा गुळगुळीत होता.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी आईला सांगितलं. आई कोलाच या गोड पावांची कणीक मळत होती.

"तो ड्रम मधाचा नाही."

"मग कशाचा आहे?"

"तेच कळत नाही. जुने ड्रम धुऊन, रंगवून विकणारे कारखाने असतात. तणनाशकाचे, तेलविहिरींवरच्या रसायनांचे. इतका स्वच्छ ड्रम तिथूनच येतो."

"वास येतो का कसला?"

"नाही. तीच तर शंका आहे."

आईने कणकेचा गोळा परातीत आपटला. "म्हणजे वास आला तर विष, आणि नाही आला तर धुतलेलं विष. त्या बिचाऱ्या ड्रमने करावं तरी काय?"

"त्याने खोटं का सांगावं, आई? ड्रमबद्दल खोटं बोलणारा माणूस आणखी कशाकशाबद्दल बोलत असेल? त्याला घर नाही. तुला आहे."

"ते मला दिसतं, मिलाडा. चष्मा माझ्याकडेही आहे."

"मी त्यातलं खाणार नाही. तूही खाऊ नकोस."

"बघू," आई म्हणाली.

पुढच्या शनिवारी मी पोचले तेव्हा भट्टी तयार होती. काळी झालेली, आतून डुकराच्या चरबीने माखलेली. खाली हवेच्या भोकांना पितळी कॉक बसवलेले, वर थर्मामीटर, आत दोन जाळ्या. ओकचा धूर निळसर आणि पातळ निघत होता, आणि वरच्या जाळीवर गाईच्या छातीचा मोठा तुकडा पहाटेपासून शिजत होता. झाडाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. एकीत लॅडी मोटल बसला होता. चर्चच्या जत्रेतल्या सगळ्या भट्ट्या गेली कित्येक वर्षं हाच सांभाळतो. बाबांचा दोस्त. तोंडाने गावाचं वर्तमानपत्र.

"ये गं मिलाडा, ये," तो म्हणाला. "हे कॉक पाहिलेस? मी एर्विनला विचारलं, लेका, ही भट्टी आहे की चर्चचा ऑर्गन? वाजवून दाखव की."

"हवा मोजून सोडता येते," एर्विन म्हणाला.

"आम्ही भोकात चिंधी कोंबायचो. माझा पहिला ड्रम मला रुळांच्या कडेला सापडला होता. दोन मैल ढकलत आणला, वाटेत साप निघाला आतून. ड्रम असा मिळवावा लागतो. तुझा कुणाकडचा म्हणालास?"

"हॅलेट्सव्हिलच्या पलीकडचा एक जण. मधमाश्या पाळतो."

"नाव काय त्याचं?"

एर्विनने कपाळ पुसलं. "आत्ता आठवत नाही."

"हॅलेट्सव्हिलच्या पलीकडचा माणूस आणि मला ठाऊक नाही?" लॅडी म्हणाला. मी आईकडे पाहिलं. आई वाटाणे सोलत होती. तिने मान वर केली नाही.

थोड्या वेळाने ती उठली, तिने ॲप्रनला हात पुसले, सरळ ड्रमपाशी गेली आणि झाकण उचललं.

लॅडीने नजर दुसरीकडे वळवली. आमच्याकडे भट्टीचं झाकण तिच्या मालकाशिवाय कोणी उचलत नाही. बायका तर नाहीच. झाकण उघडलं की हवा आत घुसते, निखारे फुलतात, सकाळपासून सांभाळलेली आच हातची जाते. पण खरं कारण ते नाही. पुरुषांनी तो नियम केलाय आणि ते तो ओरडून पाळायला लावतात.

"व्लास्ता," एर्विन म्हणाला. "झाकण."

"बघत होते." आईने सावकाश झाकण ठेवलं. थर्मामीटरचा काटा वर चढलेला मला इथून दिसत होता. एर्विनने कॉक जरा आवळले आणि बसला. काटा उतरायला खूप वेळ लागला.

काटा जागेवर आला आणि आई पुन्हा उठली.

या वेळी तिने झाकण उचलून बाजूला धरलं आणि उभीच राहिली. चरबीचे थेंब निखाऱ्यांवर पडले, ज्वाळा जाळीपर्यंत आल्या. लॅडी पुटपुटला, "देवा रे." एर्विन ताडकन उभा राहिला. हातात लोखंडी चिमटा होता. त्याची मान लाल झाली होती, आणि चिमटा धरलेली बोटं पांढरी. मी खुर्चीतून उठले.

आई हलली नाही. ती मांसाकडे बघतच नव्हती. त्याच्या हाताकडे बघत होती.

तेव्हा मला बाबा आठवले. बाबा चांगले होते, गावात सगळे तसंच म्हणतात. पण त्यांच्या भट्टीच्या झाकणाला मी लहानपणी एकदा हात लावला होता, आणि त्यांनी फेकलेली सळई स्वयंपाकघराच्या दाराला लागली होती. आईने दाराचा तो टवका नंतर पुट्टीने भरला. त्याबद्दल ती कधीच काही बोलली नाही. मी ड्रम हुंगत होते. आई वेगळंच काही तपासत होती.

एर्विनने चिमटा गवतावर ठेवला.

"मला राग आलाय, व्लास्ता," तो म्हणाला. "मी कुंपणापर्यंत जाऊन येतो."

तो गेला. लांब पावलं टाकत, मागे न बघता. कुंपणाशी खांबाला धरून उभा राहिला. आईने झाकण लावलं, पण बसली नाही. तो परत येईपर्यंत ती त्याच्याकडे पाहत होती.

परत येऊन त्याने एक सोडून बाकीचे कॉक बंद केले. "कड करपणार," तो म्हणाला. "आणि जेवायला उशीर होणार."

"भूक नाही अजून कुणाला," आई म्हणाली.

"मला आहे," लॅडी म्हणाला, पण हळू आवाजात.

उन्हं कलली तेव्हा मांस पाटावर आलं. एका बाजूची कड खरंच करपली होती. एर्विनने सुरी धरली, आडवे काप काढले, पहिली ताटली आईपुढे ठेवली, दुसरी माझ्यापुढे. वास चांगला होता. त्या वासाचा मला रागच आला.

मी ताटली पुढे सरकवली.

"एर्विन, या ड्रममध्ये काय होतं?"

"मिलाडा," लॅडी म्हणाला, "जेवताना काय हे."

"जेवताना नाही विचारायचं तर केव्हा? मध नव्हता त्यात. आट्यांत मेण नाही, चिकटा नाही. एकच रंग होता वर. कुणीतरी तो धुऊन, रंगवून विकलाय, आणि धुवावं लागेल असं काय होतं ते मला कळलंच पाहिजे. माझी आई खाणार आहे त्यातलं."

आईने काट्यावर तुकडा घेतला होता. तो तिने तोंडाशी नेला नाही. तीही थांबली होती.

एर्विनने आधी तिच्याकडे पाहिलं, मग लॅडीकडे. लॅडीकडे जरा जास्तच वेळ. मला वाटलं, आता आणखी एक मधमाशीवाला निघेल.

"काही नव्हतं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"काहीच नव्हतं त्यात. नवा आहे. ह्यूस्टनच्या दुकानातून विकत आणला."

मग लॅडीने मांडीवर थाप मारली आणि हसता हसता त्याला ठसका लागला. "विकत? ड्रम विकत आणला? दुकानात जाऊन? अरे, पिशवीत घालून दिला का त्यांनी? एर्विन कुबेनाने ड्रम विकत आणला! तुझा बाप वर ऐकत असेल तर खाली येईल रे फोडायला!"

"म्हणून तर मध म्हटलं," एर्विन माझ्याकडे बघून म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "कुणाच्या तरी आवारातून उचललेला आणता आला असता. सगळे तसलेच आणतात. त्यात आधी काय होतं ते ठाऊक नसतं. माझं मी काहीही खातो. पण हिला त्यातलं खायला घालायचं नव्हतं."

"मग आत्ता का सांगितलंत?"

"तू विचारलंस. आणि ती खायची थांबली."

मी आटे आठवले. लोखंड आणि किंचित तेल. नव्या ड्रमला गंज चढू नये म्हणून पुसतात ते तेल. मी प्रयोगशाळेत असले ड्रम उघडले आहेत. तरीही ड्रमबद्दल त्याने खोटं सांगितलं होतं, आणि ते मी विसरणार नव्हते.

"रविवारी सांगू का चर्चमध्ये?" लॅडी डोळे पुसत म्हणाला. "सांगू ना? मला राहवणार नाही रे."

"सांग," एर्विन म्हणाला. "न सांगून राहशील थोडाच."

आईने तुकडा तोंडात घातला. सावकाश चावला, करपलेल्या कडेसकट. गिळला. पाणी प्यायली. मग काटा ताटलीच्या कडेला ठेवला आणि हात मांडीवर घेतले. चर्चमध्ये प्रार्थनेला बसते तशी बसली.

"लॅडी, हसणं पुरे. नीट ऐक, म्हणजे रविवारी सांगताना चुकणार नाहीस. मिलाडा, तूही ऐक. घर आणि कुरण मी तुझ्या नावावर करणार, पण मरेपर्यंत इथे मीच राहणार, माझ्या मर्जीने." ती एर्विनकडे वळली. "आणि एर्विन, मी तुझ्याशी लग्न करणार आहे."