गोठ्यातली सुईण

तानाबाईच्या हातून निम्मं गाव जगात आलं होतं, आणि त्यातलं एकही माणूस तिला शिवून घेत नव्हतं. पाटलाची सून अडली की तानाबाई परसदारानं आत जायची, पोटातलं पोर फिरवायची, नाळ कापायची, वार पुरायची. मग सुपातले दाणे वरूनच तिच्या पदरात पडायचे, आणि ती वळली की मागे गोमूत्र शिंपडलं जायचं. एवढ्या वर्षांत तिनं मागे वळून पाहणंच सोडून दिलं होतं. पाहायचं काय त्यात?

बोरीअरबपासून दोन कोसांवरचं हे गाव. छप्पन सालच्या दसऱ्याला नागपुरात दीक्षा झाली आणि महारवाडा बौद्ध झाला. मांगवाड्यातली सात घरं त्याच्या आधीच ख्रिस्ती झाली होती, आणि त्यातलं पहिलं घर तानाबाईचं. का झालीस, असं कोणी विचारलं तर ती आढेवेढे घेत नसे. नवरा धावजी मेला तेव्हा त्याला नाल्याकाठी पुरलं होतं. मांगवाड्याची जागा तीच. जमीन सगळी मुरमाड, खड्डा गुडघ्याएवढा. तिसऱ्या दिवशी तरसांनी त्याला उकरून काढलं. तानाबाईनं आणि तिच्या लेकीनं, जमनीनं, जे उरलं होतं ते गोळा करून पुन्हा पुरलं. मिशननं मात्र प्रार्थनाघरामागे माणसं पुरायला काळ्या मातीचा तुकडा घेतला होता आणि त्याला चारी बाजूंनी काटेरी तार ओढली होती.

"देव कोनाचा खरा थे मले नाई समजत," ती म्हणायची, "पन ज्याच्या कुंपनात तरस नाई शिरत, थो मले चालते."

सुरुवात अशी झाली खरी. पण पुढे येशू तिच्या जिवाला लागला. तो पाण्यावर चालला, त्यानं मेलेल्याला उठवलं, हे सगळं ती मान डोलावून ऐकायची. तिचं मन अडकलं ते त्याच्या जन्मापाशी. गोठ्यात जन्मलेला देव तिनं पहिल्यांदाच ऐकला होता. आणि गोठ्यातली बाळंतपणं तर तिची रोजची. बुधवारी दुपारी बायकांची प्रार्थना असायची. तिथं ती आपल्या पद्धतीनं ती गोष्ट सांगू लागली.

"पोरगी चवदा-पंधरा वर्साची. पयलं बाळंतपन. माय जवळ नाई, सासू नाई. संग नवरा, तोही सुतार. त्याले काय समजते बाप्पा? थो बाहेर दाढी खाजवत उभा. मंग नाळ कोनं कापली? देवदूतानं दातानं तोडली का?" बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. तानाबाई मग आवाज खाली आणायची. "सुईन होती तिथं. अन् मांगीनच होती. दुसरी कोन जाते गोठ्यात? देवाच्या लेकराले पयला हात मांगनीचा लागला, माय. मरियाच्याही आंधी."

त्यावर कोणी हसायचं नाही. नंदाबाई तर एकदा स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघत बसली होती.

ही गोष्ट पाळकसाहेबांच्या आईच्या, एस्तेरबाईंच्या कानावर गेली आणि घोडं अडलं. एस्तेरबाई तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती. त्यांच्या आज्याला कुठल्याच विहिरीवर चढू देत नसत, पण ते आता घरात कोणी काढत नव्हतं. मुलगा सालोमन यवतमाळला शास्त्र शिकून आलेला, तिशीचा, सरळ आणि भित्रा. नाताळाला मिशनचे मोठे साहेब तपासणीला यायचे होते. मंडळीत मांगिणी शास्त्रात भर घालताहेत हे त्यांना कळलं तर पाळकाची नेमणूक जायची.

तो तानाबाईच्या झोपडीशी आला. दाराबाहेरच उभा राहिला.

"तानाबाई, सुईण पुस्तकात नाही."

"पुस्तकात मरिया पानी पेली असंबी नसन, पाळकसाहेब. पन पेलीच असन ना?"

"हा वाद नको. रविवारी मंडळीसमोर उभं राहून सांगायचं, की ती गोष्ट माझ्या मनची होती, गोठ्यात सुईण नव्हती. नाहीतर मंडळीच्या वहीतून तुमच्या घराचं नाव काढावं लागेल." तो थांबला. आत खाटेवर जमनी खोकत होती; सासरच्यांनी क्षय झाला म्हणून परत पाठवलेली, पंचविशीतच हाडांची मोळी झालेली. सालोमननं नजर खाली घातली. "वहीत नाव नसेल त्याला कुंपणात जागा देता येत नाही. नियम आहे."

तो गेल्यावर तानाबाई खाटेपाशी जाऊन बसली. मग जमनी म्हणाली, "माय, मले बापासारखं नको टाकू व."

बापाची हाडं तिनं स्वतःच्या ओटीत वेचली होती. तिला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

रविवारी तानाबाई उभी राहिली. समोर नंदाबाई आणि बाकीच्या बायका खाली सतरंजीवर बसल्या होत्या. तानाबाई कोणाकडेच न बघता म्हणाली, "गोठ्यात सुईन नव्हती. म्या मायाच मनानं सांगतलं." आणि बसली. एवढंसं वाक्य, पण ते बोलताना तिला स्वतःची लाज वाटली, आपणच आपल्याला दाराबाहेर काढल्यासारखी. पुढच्या गुरुवारी जमनी गेली. तिला काळ्या मातीत छातीइतक्या खोल खड्ड्यात ठेवलं, वर लाकडी क्रूस लावला. जागा अगदी कडेला, तारेला लागून मिळाली. तानाबाईनं पाहून घेतलं की जमनीच्या डाव्या अंगाला आणखी एका माणसाची जागा शिल्लक आहे. ती आपली, असं तिनं मनाशी धरलं, आणि त्या रात्री तिला झोप लागली.

नाताळ दोन दिवसांवर आला. सकाळी ऊन चढत असताना सालोमन अनवाणी धावत मांगवाड्यात आला. या वेळी तो दाराशी थांबला नाही. वाकून थेट आत शिरला.

"तानाबाई, माझ्या बायकोचं, सुमतीचं मूल आडवं आलंय. दारव्ह्याची नर्स यायला संध्याकाळ होईल. चला. पाया पडतो."

तिनं मनात आणलं असतं तर त्याला एक शब्द ऐकवता आला असता. सुईणीबिगर होते म्हणता ना पाळकसाहेब, मंग होऊ द्या. पण बाई तिकडे मरत होती. तानाबाईनं नाळ कापायचा, घासून पातळ केलेला विळ्याचा तुकडा कमरेला खोचला आणि निघाली.

दुपार टळेपर्यंत ती झगडली. सुमती ओरडून ओरडून गप्प झाली होती, आणि ते गप्प होणंच वाईट असतं. शेवटी तानाबाईनं कोपरापर्यंत तेल लावून पोर आतल्या आत फिरवलं. पाय आधी आले, मग धड, मग निळंजांभळं डोकं. तिनं त्याला उलटं धरून पाठीत थापट्या मारल्या, तोंडातली घाण स्वतःच्या तोंडानं ओढून थुंकली. पोर रडलं. सुमतीनं तिचं मनगट घट्ट धरलं आणि "माय" म्हणाली. तानाबाईला भडभडून आलं. जमनीनंतर तसं कोणी म्हटलं नव्हतं.

हातपाय धुऊन ती ओट्यावर टेकली. एस्तेरबाईंनी फुलाफुलांच्या कपातून चहा आणून तिच्या हातात दिला. हातात! वरून ओतला नाही. जन्मात पहिल्यांदाच असा कप मिळालेला, तिनं तो पुरवून पुरवून प्यायला. ख्रिस्ती झाल्याचं चीज झालं, असं तिला खरंच वाटलं.

घराची वाट धरून वीस पावलं गेली आणि आठवलं, विळ्याचा तुकडा राहिला. ती मागे वळली.

एस्तेरबाई ओट्यावर फिनेल ओतत होत्या. बाळंतिणीच्या खोलीत नव्हे. ती जिथं टेकली होती तेवढ्याच जागेवर. ओतून, खराट्यानं घासून, पुन्हा ओतत होत्या. फुलाफुलांचा कप परसाच्या भिंतीवर एकटाच पालथा होता. दारात सालोमन पोराला घेऊन उभा होता. त्याची आणि तानाबाईची नजरानजर झाली. त्यानं मान वाकवली आणि पोराच्या तोंडावरचं फडकं सारखं केलं.

विळ्याचा तुकडा न घेताच ती घरी आली.

नाताळाच्या उपासनेला प्रार्थनाघर भरलं होतं. पुढे खुर्चीवर मोठे साहेब, बाजूला एस्तेरबाई, भिंतीला टेकून ओली बाळंतीण सुमती पोराला घेऊन. सालोमन जन्माची गोष्ट वाचू लागला. मूल झालं, त्याला फडक्यात गुंडाळलं, इथपर्यंत आला आणि तानाबाई उठून उभी राहिली. उठताना तिला कुंपणातली डाव्या अंगाची जागा आठवली. तरी ती बसली नाही.

"थांबा, पाळकसाहेब. म्या त्या रोजी खोटं बोलली. पोरीच्या मातीसाठी बोलली." तिचा आवाज चढला नव्हता. "गोठ्यात सुईन होती. पुस्तकात थे काहून नाई, हे मले परवा समजलं. सुईन गेल्यावर तिची जागा धुऊन टाकली त्यायनं."

सुमतीनं पदर तोंडावर ओढला. तिचे खांदे हलत होते. मोठ्या साहेबांनी सालोमनकडे पाहिलं आणि विचारलं, ही बाई काय म्हणते आहे?

सालोमनला खरं सांगता आलं असतं. सगळी मंडळी त्याच्याकडे बघत होती, त्याचं पोर त्याच हातांनी जगलेलं समोर चुळबुळत होतं. "हिची मुलगी नुकतीच गेली, साहेब," तो म्हणाला. "तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही." आणि त्यानं पुढचं वाचायला घेतलं.

नाताळ उलटल्यावर वहीत तिच्या नावावर रेघ ओढली गेली.

तानाबाई अजून बाळंतपणं करते. रविवारी उपासनेच्या वेळी ती कुंपणाच्या बाहेरून जमनीपाशी जाऊन बसते, तारेतून हात घालून गवत उपटते. एकदा नंदाबाई उपासना सोडून तिच्याजवळ येऊन बसली. तानाबाईनं क्रूसापासून तारेपर्यंत वीत लावून मोजलं, मग तारेच्या अलीकडे, बाहेरच्या मुरमावर हात ठेवला.

"दीड हात भरते. मले इथं टाकजो, तारेले लावून," ती म्हणाली. "पन वर धोंडे जड ठेवजो व, नंदे. या बाजूनं तरस येतेत."